मस्कत ते वादी शाब एक दिवसाची टूर : गाइडला पाचपैकी पाच, बुकिंगवाल्यांना दोन

आधी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. ओमानमध्ये मस्कतहून वादी शाब नावाच्या दरीत नेऊन आणणारी एक दिवसाची टूर घेतली होती. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रार त्यांच्या बुकिंग ऑफिसची आहे आणि कौतुक गाइडचं, आणि तसंही अशा टूर करणाऱ्या कंपन्या मस्कतमध्ये ढीगभर आहेत आणि कार्यक्रम सगळ्यांचा जवळपास एकच, फोर बाय फोर गाडी, वादी, सिंकहोल (जमीन खचून झालेला पाण्याचा खड्डा), जेवण, संध्याकाळी परत. आम्हाला माणशी २५-३० रियालच्या मधे कुठेतरी पडली. पैसे वसूल झाले का तर झाले, पण ज्या गोष्टीमुळे वसूल झाले ती त्यांच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि जे लिहिलं होतं ते अर्धवट होतं. सगळा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

जाहिरातीत काय होतं, तर "निसर्गरम्य सुकी दरी, सोपा वॉक, सर्व वयोगटांसाठी योग्य". आमच्याकडे सासरे आले होते, सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात पण घरात बसवत नाही असा माणूस. म्हणून मी आधी व्हॉट्सॲपवर नीट विचारलं, की चालायचं किती, पाण्यातून जावं लागतं का, मधे पाऊस आला तर काय करता. उत्तर एका ओळीत आलं, मॅडम वादी म्हणजे ड्राय व्हॅली, नो वॉटर प्रॉब्लेम, डोन्ट वरी. आता वादी शाब ज्याने एकदा पाहिली आहे त्याला हे वाचून हसू येईल, कारण तिथे पहिलं पाऊल टाकायच्या आधीच बोटीत बसावं लागतं आणि शेवटच्या टप्प्यात तर पोहल्याशिवाय पर्यायच नाही. ऑफिसातली व्यक्ती तिथे कधी गेलीच नसावी असा माझा अंदाज.

बरं, त्यांनी सांगितलेला अर्थ खोटाही नाही, कुठल्याही डिक्शनरीत बघा, वादी म्हणजे वाळवंटी प्रदेशातली दरी किंवा नदीचं पात्र जे एरवी कोरडं असतं आणि पाऊस पडला की वाहतं. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग कापून टाकला की राहतं काय, पिकनिक स्पॉट. इथे आखातात नवीन आलेले आपले लोक तर आणखी गोंधळतात, कारण इंग्रजी स्पेलिंग वाचून निम्मे जण वाडी म्हणतात आणि उरलेल्यांच्या डोक्यात हिंदी गाण्यांतल्या हिरव्यागार वादियाँ असतात. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर "कोणाच्या वाडीला चाललात" असाच मेसेज आला होता, असो.

खरा अर्थ कळला तो गाडीत. गाइड ओमानी, सूर शहराच्या बाजूचा, डोक्याला मसर बांधलेला, आणि हिंदी इतकी सफाईदार की सासऱ्यांची आणि त्याची पहिल्या दहा मिनिटांत गट्टी जमली, तो त्यांना बाबा म्हणायला लागला आणि हे त्याला बेटा. सासऱ्यांनीच विचारलं की बेटा, हे वादी वादी म्हणतात ते नेमकं काय, दरी की नदी. तो म्हणाला बाबा दोन्ही, कोरडी असली तरी वादी, पाणी आलं तरी वादीच, आणि कधी कधी आम्ही नुसतं त्या पाण्यालाच वादी म्हणतो. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, कारण इथले पेपर वाचताना "गाडी वादीने वाहून नेली" अशा बातम्या नेहमी दिसायच्या आणि मला वाटायचं की भाषांतर गंडलंय, दरी कशी काय गाडी वाहून नेईल. तर नाही, बरोबरच लिहिलेलं असतं. आपल्याकडे गावात "ओढा आलाय, पलीकडे जाऊ नका" म्हणतात ना, ओढा तर जागेवरच असतो पण आला म्हणजे काय ते पोराटोरांनाही कळतं, अगदी तसंच. इथल्या माणसाला वादी हा शब्द ऐकला की जागा आणि तिच्यातून येऊ शकणारं पाणी दोन्ही एकदम दिसतं, आणि ब्रोशरवाल्यांनी त्यातली फक्त जागा विकायला काढली आहे.

त्यानेच पुढे सांगितलं की मस्कतमधलं वादी कबीर, जिथे आपण गाड्यांच्या कामाला नाहीतर सामान आणायला जातो, त्याचा अर्थ मोठी वादी, आणि स्पेनमधल्या ग्वादालक्विवीर नदीचं नाव त्याच अरबी शब्दांवरून पडलंय, अल वादी अल कबीर. तिथे अरब राजवट होती तेव्हाचं हे नाव. ती नदी बारमाही आहे, कोरडीबिरडी काही नाही. मोरोक्को अल्जीरियाकडे फ्रेंच पद्धतीने तोच शब्द वेगळ्या स्पेलिंगने लिहितात आणि उच्चार वेद असा काहीसा होतो, तिकडेही नदीच्या नावाआधी तो सर्रास लागतो. म्हणजे अरबीत शब्दाचा आवाका बराच मोठा आहे, कोरडेपणाची अट भूगोलाच्या पुस्तकांनी घट्ट केली असं दिसतंय.

हे सगळं टूरच्या रिव्ह्यूमध्ये कशाला असं वाटेल. थांबा, येते त्याच्यावर.

प्रवास चांगला होता. कुरियातवरून सूरकडे जाणारा हायवे एकदम मस्त आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हजर पर्वताचे उघडे कडे, वादी शाबपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास, दोन तासाच्या आत पोचता येतं. वाटेत एका कॉफी शॉपसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की पोऱ्या गाडीपाशीच करक चहा आणि चिप्स ओमान (इथले वेफर्स) घातलेला पराठा रोल आणून देतो, हे पॅकेजमध्ये नव्हतं, गाइडने स्वतःच्या खिशातून पाजला. सासऱ्यांनी दोन रोल हाणले.

पहिला थांबा वादी दायका धरण. मला वाटलं होतं हा वेळकाढूपणा, धरणं काय आपण पाहिली नाहीत. पण बघण्यासारखं आहे खरंच, आजूबाजूला एक झुडूप नाही असे तपकिरी डोंगर आणि मधे एवढं निळं पाणी, साठवण क्षमता १० कोटी घनमीटर, आणि हे सगळं एका वादीचं पाणी अडवून. इथे गाइडने एक गोष्ट फार छान समजावली. या डोंगरांवर माती जवळजवळ नाही, झाडं नाहीत, नुसता उघडा खडक, त्यामुळे पाऊस पडला की जिरायला जागाच नाही, सगळंच्या सगळं पाणी उतारावरून धावत एका चिंचोळ्या घळीत येतं. शेकडो ओघळ मिळून एक वादी होते. म्हणून पाऊस तिकडे आत डोंगरात पडतो आणि तुम्ही इथे खाली कडक उन्हात उभे असता, आभाळ निळं असतं, आणि वळणामागून दगडगोटे घेऊन पाणी येतं. आपल्याकडे नदी हळूहळू चढते, काठावरचे लोक दोन दिवस आधीपासून सामान हलवतात, तसा प्रकार इथे नाही.

मात्र खाली मैदानात आलं की हेच पाणी गोट्यांच्या जाड थरात जिरतं, वरून पात्र कोरडं ठणठणीत दिसतं आणि खाली पाणी सरकत असतं. म्हणून जुन्या विहिरी वादीच्या कडेने, खजुराच्या बागा वादीच्या कडेने, गावं मात्र पात्रापासून वर चढून उंचवट्यावर. मस्कतजवळ अल खुदला १९८५ मध्ये जे धरण बांधलं ते तर पाणी साठवून ठेवायला नाहीच, पुराचं पाणी थोपवून जमिनीत मुरवायला आहे. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारून जाते, मला वाटायचं हे धरण कायम रिकामं म्हणजे योजना फसलेली दिसतेय.

आता वादी शाब. पार्किंग हायवेच्या पुलाखालीच आहे, टॉयलेट तिथेच, पुढे काही नाही त्यामुळे उरकून घ्या. छोट्या बोटीने पलीकडे सोडतात, माणशी एक रियाल जाऊन येऊन, हे आमच्या पॅकेजमध्ये धरलेलं होतं. दोनच मिनिटांची फेरी असेल. पलीकडे उतरलं की सुरुवातीला खजूर आणि केळीच्या बागा, मग दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना उंच कडे, आणि पायवाट कधी गोट्यांतून, कधी कड्याला लागून कोरलेल्या पाण्याच्या चरीच्या काठावरून. या चरींना इथे फलज म्हणतात, वादीचं वाहतं पाणी वरच्या अंगाला उचलून उतारा-उताराने शेतापर्यंत आणायचं, पंप नाही काही नाही. ओमानच्या अशा पाच फलज युनेस्कोच्या यादीत २००६ पासून आहेत, शाबमधली त्यात नाही, पण कल्पना तीच. पाण्याची वाटणी कोणाला किती वेळ हे ठरलेलं असतं आणि पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजायचे. सासरे शेतकरी घरातले, ते त्या चरीपाशी एवढे रमले की पुढे यायलाच तयार नव्हते, उतार किती ठेवलाय ते वाकून वाकून बघत बसले.

आणि हेच बरं झालं, कारण "सोपा वॉक" हा प्रकार तिथून पुढे संपतो. पाऊण तास ते एक तास चालणं, मोठमोठे धोंडे, काही ठिकाणी हात टेकून चढावं लागतं, ओल्या दगडांवर साध्या स्पोर्ट शूजची सुद्धा पकड राहत नाही. सत्तरीच्या माणसाला हे झेपणारं नाही, सर्व वयोगट वगैरे लिहिणाऱ्याला एकदा तिथून नेलं पाहिजे. गाइडने सुरुवातीलाच ओळखलं, ड्रायव्हरला बाबांसोबत सावलीत बसवलं, चटई आणि पाणी दिलं, नवरा म्हणाला मी पण थांबतो, आणि मी बाकीच्या ग्रुपसोबत पुढे गेले. ग्रुपमध्ये आणखी दोन कुटुंबं होती.

चालताना तो मधेमधे थांबून वर बोट दाखवायचा. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय बघायचंय. कड्याच्या कपारीत, आपल्या डोक्याच्याही कितीतरी वर, वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकची बाटली अडकलेली. कोणी नेऊन ठेवली असेल तर तिथे पोचायला शिडी लागेल. म्हणे मागच्या वेळी पाणी तिथपर्यंत होतं. मग तो प्रत्येक वळणावर सांगत गेला की इथे असताना आवाज आला तर या बाजूने वर चढायचं, इथे असताना त्या बाजूने, आणि सामान घ्यायला थांबायचं नाही. कशाचा आवाज विचारलं तर म्हणाला ट्रक आल्यासारखा. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या वाहत यायला लागल्या तरी तेच समजायचं. ही माहिती कुठल्याच पॅकेजमध्ये लिहून येत नाही. माझ्या मते तुम्ही जे रियाल भरता त्यातले निम्मे याचेच.

शेवटी तळी लागतात. पाणी हिरवट निळं, एवढं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता येतील. एकामागून एक तळी पोहत, मधेच धोंड्यांवरून चालत पार करायची, आणि अगदी टोकाला एक फट आहे, कड्यातली, जेमतेम डोकं जाईल एवढी, खाली पाय टेकत नाहीत, तिच्यातून सरकून आत गेलं की गुहा आणि आत धबधबा. वरच्या फटींतून उजेड येतो तो पाण्यावर पडून सगळी गुहा हिरवी दिसते. मला पोहता येतं तरी त्या फटीपाशी छातीत धडधड झालीच, गाइडने लाइफ जॅकेट दिलं होतं (ऑफिसने त्याचाही उल्लेख केला नव्हता, ग्रुपमधल्या एका बाईंकडे तर बदलायचे कपडेच नव्हते, त्या बिचाऱ्या पहिल्या तळ्यापाशी बसून राहिल्या). २०१२ मध्ये रेड बुलची कड्यावरून उड्या मारायची स्पर्धा इथे भरली होती. ते बघून इथे येणारी पोरं कुठूनही उड्या मारतात, खोली न बघता, गाइडने आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाला असं झापलं की तो नंतर गप्पच. कपड्यांचं म्हणाल तर टी शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची लेगिंग बरी, गावातल्या लोकांची वहिवाट आहे, बागा त्यांच्याच आहेत.

परत येऊन जेवण. टिवी गावातल्या छोट्या हॉटेलात भात आणि तळलेला मासा, गरम, मस्त. व्हेज म्हणाल तर डाळ आणि काकडी. आधी सांगूनही तेवढंच मिळालं, सासऱ्यांचा शनिवार होता, ते काही बोलले नाहीत पण मी बोलले.

आणि इथे तो प्रसंग ज्याच्यामुळे हा रिव्ह्यू लिहितेय. पॅकेजमध्ये दुपारी वादी टिवी होती, शाबच्या अगदी शेजारची. तिच्यात चालायचं नसतं, गाडीरस्ता आत जातो, अगदी अरुंद, गावागावांतून वर मिबामपर्यंत, आणि सासऱ्यांना गाडीतून बघता येईल म्हणून खरं तर आम्ही त्याच्यासाठीच हे पॅकेज घेतलं होतं. गाइड जेवता जेवता सारखा बाहेर जाऊन डोंगराकडे बघत होता. फोनवर सिव्हिल एव्हिएशनवाल्यांचं हवामान बघितलं, ओमानमध्ये हवामानाचे इशारे तेच देतात, मग वरच्या गावात कोणालातरी फोन केला, आणि येऊन म्हणाला टिवी कॅन्सल, आपण फिन्सच्या बीचवर जाऊ आणि मग सिंकहोल. डोंगरावर ढग होते खरे, पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. ग्रुपमधले एक गृहस्थ जाम भडकले, पैसे भरलेत, पाऊस कुठेय दाखव, तुम्हाला लवकर घरी जायचंय म्हणून हे चाललंय वगैरे. तो शांतपणे एवढंच म्हणाला की सर, आत जायचा रस्ता एकच आहे, बाहेर यायचाही तोच, आणि तो वादीच्या पोटातून जातो. वर पाणी आलं तर आपण आत अडकणार, आणि मधे असलो तर अडकायलाही जागा नाही.

मला विचाराल तर मला पण वाईट वाटलं, सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पण त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या संध्याकाळी टिवीला पाणी आलं का? मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही, आलं नसेल तरी त्याचा निर्णय चुकला असं होत नाही. इथे राहणाऱ्यांना आठवत असेल, २०२४ च्या एप्रिलमध्ये समद अल शानकडे शाळेची मुलं असलेली गाडी वादीत वाहून गेली, कितीतरी घरं उजाड झाली. २००७ चं गोनू वादळ ज्यांनी पाहिलंय ते सांगतात की मस्कतमध्ये एरवी ज्यांच्यात पोरं क्रिकेट खेळायची त्या वाद्या समुद्राकडे गाड्या वाहून नेत होत्या. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं आणि दोन फूट असेल तर तुमची ती मोठी फोर बाय फोर पण जाते, गाडी जड आहे म्हणून काही होत नाही हा गैरसमज आहे. वाहती वादी गाडीने ओलांडली तर ओमानमध्ये दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतं. शेजारी यूएईने तर २०२३ मध्ये नियमच केला की पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ ब्लॅक पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त, मग धोका कमी असो की जास्त. इथल्या रस्त्यांवर वादी ओलांडते तिथे लाल-पांढरे खांब असतात ते सजावटीचे नाहीत, पाणी लाल पट्ट्याला लागलं की थांबायचं अशी ती खूण आहे.

तुलना म्हणून सांगते, याआधी दुसऱ्या एका स्वस्तातल्या व्हॅन टूरने वादी बनी खालिदला गेलो होतो. जागा सुंदर, बारा महिने पाणी, सिमेंटची वाट, रेस्टॉरंट, सासऱ्यांसारख्यांना खरं तर तीच योग्य. पण परतीच्या वाटेवर त्या ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली ती थेट एका कोरड्या पात्रात, सावली चांगली आहे म्हणून, आणि आम्ही पण मठ्ठासारखे तिथे अर्धा तास चटई टाकून बसलो. काही झालं नाही. पण त्याला त्या जागेबद्दल काहीच वाटत नव्हतं आणि आम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे गाडीभर लोकांत एकालाही ते पात्र आहे हे कळत नव्हतं. त्या टूरला ब्रोशरमध्ये "अनुभवी चालक" होतं बरं का.

जॉर्डनला गेलो होतो तिथली वादी रम म्हणजे पुन्हा तिसरंच, अरुंद घळ वगैरे काही नाही, पसरट लाल वाळू आणि मधे वालुकाश्माचे प्रचंड डोंगर, तिथे कोणी वादी म्हटल्यावर पाण्याचा विचारही करत नाही. पण त्याच ट्रिपमध्ये पेट्रा, ते खडकात कोरलेलं जुनं शहर, आणि पेट्राच्या दाराशी वादी मूसा. तिथे आत जायची ती प्रसिद्ध चिंचोळी वाट आहे ना, सीक, तिच्या तोंडाशी नबाती लोकांनी, म्हणजे पेट्रा ज्यांनी वसवलं त्यांनी, दोन हजार वर्षांपूर्वी बांध घालून आणि बोगदा खोदून पुराचं पाणी बाजूने वळवलं होतं. १९६३ मध्ये त्याच वाटेत पूर शिरून फ्रेंच पर्यटकांचा ग्रुप वाहून गेला आणि त्यानंतर तो बांध पुन्हा बांधला. आम्ही तिथे फोटो काढण्यात गुंग होतो, त्या बोगद्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तिथल्या गाइडने पण खजिन्याच्या गोष्टी सांगितल्या, याची नाही. शाबवाला गाइड असता तर पहिल्यांदा बोगदाच दाखवला असता.

असो, टूरवर येते. फिन्सचा बीच छान, गोटे आणि पांढरी वाळू, सासऱ्यांनी पाय बुडवले, खूश. मग बिम्माचा सिंकहोल, इथे बागेचं नाव हावियत नज्म, लोकांची समजूत की तारा पडून खड्डा झाला, प्रत्यक्षात चुनखडीचा खडक आतून विरघळून छत कोसळलंय. पायऱ्या चांगल्या आहेत, पण भरपूर आहेत, गुडघेवाल्यांनी वरूनच बघावं, वरूनही तितकंच सुंदर दिसतं. खाली पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन चावे घेतात, पोरं किंचाळत होती. तिकीट नाही. वीकेंडला, म्हणजे शुक्रवार शनिवारी, खूप गर्दी असते.

गाडी स्वच्छ, एसी चांगला, सीटबेल्ट सगळे चालू (बघून घ्यावं लागतं हो), पाण्याच्या बाटल्या भरपूर. पिकअप वेळेवर. फोनसाठी वॉटरप्रूफ बॅग गाइडने स्वतःची दिली.

बुकिंगवाल्यांना दोन का, ते सांगते. टिवी कॅन्सल झाली त्याचे पैसे परत मागितले नाहीत मी, बदली ठिकाण दिलं होतं. पण मी त्यांना एवढंच लिहिलं की बाबांनो, तुमच्या पानावरची ओळ बदला, पोहावं लागतं हे लिहा, धोंड्यांवरून चालावं लागतं हे लिहा, आणि डोंगरात पावसाची शक्यता असेल तर वादी ऐनवेळी रद्द होईल हे ठळक लिहा म्हणजे तुमच्या गाइडला भर दुपारी लोकांच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत. उत्तर आलं, थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल फीडबॅक, आणि पान अजून तसंच आहे, सुकी दरी, सोपा वॉक. उलट त्या भडकलेल्या गृहस्थांनी एक स्टार देऊन "गाइडने वादी दाखवली नाही" असं लिहिलंय आणि कंपनीने त्यांना खाली माफी मागून पुढच्या टूरवर डिस्काउंट देऊ केलाय. हे वाचून माझी सटकली, म्हणून आज बसून एवढं टाइप केलं.

तुम्ही बुक करणार असाल तर ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये करा, उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा असतो आणि हजर डोंगरात दुपारचे ढग पण उन्हाळ्यात जमतात, त्यामुळे थंडीत पाऊस आणि उन्हाळ्यात नाही असंही समजू नका. पाण्यात चालणारे बूट घ्या. आणि कंपनीला फोन करून दोन गोष्टी विचारा, गाइड त्या भागातला आहे का, आणि हवामान बिघडलं तर जायचं की नाही हे कोण ठरवतं, ऑफिस की गाइड. गाइड ठरवतो म्हणाले तर खुशाल पैसे भरा. गोलगोल बोलायला लागले तर बनी खालिदला स्वतःच्या गाडीने जा, रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे, हवामानाचा इशारा सकाळी बघून निघा आणि गाडी आखलेल्या पार्किंगमध्येच लावा. शाबला उशिरा पोचू नका, संध्याकाळी बोटी बंद होतात आणि परतीची शेवटची बोट चुकली तर त्या दोन मिनिटांच्या पाण्यासाठी कपड्यांसकट पोहावं लागेल, आमच्या समोरच एका जोडप्याची धावपळ चालली होती.